लॅपटॉप घेताना स्क्रीन कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप घ्यायचा ठरला की प्रोसेसर कुठला, रॅम किती, स्टोरेज किती याची कसून चौकशी होते. स्क्रीनची पाळी शेवटी येते, आणि तीही बहुतेक वेळा "किती इंची?" एवढ्यावर आटपते. मी मुद्रितशोधन आणि पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनकडे बघण्यात जातात. लॅपटॉप घ्यायला निघालेले ओळखीचे लोक जे प्रश्न हमखास विचारतात, ते आणि त्यांची मी देत आलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

स्क्रीनचा एवढा विचार करायची खरंच गरज आहे का?

आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी बदलता येते, बॅटरी थकली की नवी बसवता येते. स्क्रीन मात्र घेतली तीच शेवटपर्यंत. फिकट पॅनेल (स्क्रीनचा चित्र दाखवणारा भाग) काढून चांगलं बसवणं काही मॉडेलांत जमतं, पण त्यासाठी कनेक्टरच्या पिना (काही पॅनेलना ३० असतात, काहींना ४०), केबल, जाडी, स्क्रू लावायच्या पट्ट्या असं सगळं जुळावं लागतं, आणि वॉरंटीही पणाला लागते. हौशी माणसाचं काम आहे ते.

शिवाय प्रोसेसर थोडा संथ असला तर एखादी फाइल चार सेकंद उशिरा उघडते, एवढंच. स्क्रीन वाईट असेल तर लॅपटॉप उघडल्यापासून मिटेपर्यंत तीच डोळ्यांसमोर असते.

माहितीपत्रकात नेमकं काय शोधायचं?

आकार आणि रुंदी-उंचीचं गुणोत्तर, रिझोल्यूशन (आडवे-उभे किती ठिपके), पॅनेलचा प्रकार, निट्स या एककात ब्राइटनेस आणि रंगव्याप्तीची, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याची, टक्केवारी. पहिल्या दोन गोष्टी कंपन्या ठळक छापतात. उरलेल्या तिन्हींसाठी बारीक अक्षरातला तक्ता उघडावा लागतो.

माझा अनुभव असा, की माहितीपत्रकात जे लिहिलेलं नाही त्यातूनच जास्त कळतं. आकडा चांगला असेल तर कंपनी तो आवर्जून सांगते. "बारीक कडा", "अँटी-ग्लेअर", "डोळ्यांना सुखद" असं सगळं आहे, पण निट्सचा पत्ता नाही, तर ब्राइटनेस २५० किंवा त्याहून कमी धरून चाला. रंगव्याप्ती लिहिली नसेल तर ती ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे बरीच कमी, समजा. क्वचित अंदाज चुकेल, पण चुकला तरी नुकसान होणार नाही.

आणखी एक खाचखळगा इथेच सांगते. एकाच नावाचा लॅपटॉप दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीनसह विकला जातो. परीक्षणात ज्याची तारीफ वाचली तो चांगल्या स्क्रीनचा असतो आणि सवलतीत लागलेला साध्या स्क्रीनचा. त्यामुळे नावावर जाऊ नका. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घ्या आणि त्याच क्रमांकाचा तक्ता वाचा.

१४ इंची घ्यावा की १५.६?

इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. रोज पाठीवर घेऊन फिरायचं असेल तर १३ ते १४ इंच, एकाच टेबलावर राहणार असेल तर १५.६ ते १६ इंच. १७ इंची लॅपटॉप साध्या सॅकमध्ये सहसा मावत नाही.

मोठ्या लॅपटॉपची एक बाजू लक्षात आणून देते. १५.६ इंचीमध्ये बहुधा उजवीकडे आकड्यांची वेगळी कळपट्टी असते, त्यामुळे अक्षरांच्या कळा डावीकडे सरकतात. टाइप करताना हात डावीकडे आणि मान उजवीकडे राहते. दिवसभर आकडेमोड करणाऱ्याला ती पट्टी हवीच. दिवसभर लिहिणाऱ्याने मात्र आधी अर्धा तास टाइप करून बघावं.

१६:९ आणि १६:१० यात एवढा काय फरक पडतो?

वाचन-लेखन, कोडिंग, हिशेब, वेब बघणं यांपैकी काहीही तुमचं मुख्य काम असेल, तर माझ्या मते यादीतल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यांपैकी हा एक आहे. आणि याबद्दलच सगळ्यांत कमी विचारलं जातं.

१६:९ म्हणजे रुंदी १६ भाग, उंची ९ भाग. टीव्ही आणि व्हिडिओचं हे माप. १५.६ इंची १६:९ स्क्रीन मोजली तर रुंदी सुमारे ३४.५ सेंटिमीटर आणि उंची १९.४ सेंटिमीटर भरते. आता १६ इंची १६:१० स्क्रीन घ्या: रुंदी तीच ३४.५ सेंटिमीटर, उंची मात्र २१.५. म्हणजे लॅपटॉप तेवढाच रुंद, पण पान दोन सेंटिमीटरनी उंच.

दोन सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. पण स्क्रीनची सगळी उंची तुमच्या वाट्याला येत नाही. वर ब्राउझरचे टॅब आणि पत्त्याची पट्टी, किंवा वर्डचा मेनू, खाली टास्कबार. हे सगळं मिळून चार-पाच सेंटिमीटर खातं. उरलेल्या पंधरा सेंटिमीटरच्या मजकुरात दोनची भर पडली की चार-पाच ओळी जास्त दिसतात. परिच्छेदाचं पहिलं वाक्य वर गेलं म्हणून पुन्हा मागे सरकवण्याची वेळ कमी येते.

खात्री करायची असेल तर दोन्ही मापांचे कागद कापा, टेबलावर शेजारी ठेवा आणि वर-खाली मिळून साडेचार सेंटिमीटरच्या पट्ट्या पेन्सिलीने रंगवून टाका. उरलेला पांढरा भाग बघितला की वेगळं काही सांगावं लागत नाही. १४ इंचीतही तसंच आहे: १६:९ असेल तर उंची सुमारे १७.४ सेंटिमीटर, १६:१० असेल तर १८.८.

काही लॅपटॉपना ३:२ स्क्रीन असते. मायक्रोसॉफ्टचे सरफेस लॅपटॉप त्यातले. कागदपत्रं वाचायला ती आणखी बरी. या दोन्हींवर चित्रपट बघताना वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, पण त्यामुळे काही बिघडत नाही.

फुल एचडी पुरेसं आहे का?

बहुतेकांना पुरेसं आहे. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके. १६:१० मध्ये त्याचं भावंड १९२० × १२००. याच्या खाली मात्र उतरू नका. १३६६ × ७६८ च्या स्क्रीन अजून विकल्या जातात. त्यात जेमतेम साडेदहा लाख पिक्सेल, म्हणजे फुल एचडीच्या निम्मे. कितीही स्वस्त मिळाला तरी तसा लॅपटॉप मी कोणालाही सुचवत नाही.

अक्षर किती रेखीव दिसेल हे इंचाला किती पिक्सेल यावर ठरतं. १५.६ इंची फुल एचडीत इंचाला १४१ पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा. चांगल्या नजरेला अर्ध्या मीटरवरून साधारण ०.१५ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणून त्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडा किंचित दातेरी वाटतात, पण काम अडत नाही. तेच रिझोल्यूशन १४ इंचात, १९२० × १२०० असं आलं की इंचाला १६२ पिक्सेल होतात आणि अक्षर नीट बसतं.

देवनागरी वाचणाऱ्यांनी याकडे जरा जास्त लक्ष द्यावं. रोमन अक्षर एका ओळीच्या पट्ट्यात आटोपतं. देवनागरीत तेवढ्याच उंचीत शिरोरेघ, वरची मात्रा, रफार, अनुस्वार, खालचा उकार, जोडाक्षराचा पाय असं सगळं कोंबलेलं असतं. १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर मी एकदा अख्खी कादंबरी तपासली. "रु" आणि "रू" यांत दिसायला फरक असा तो केवढा, एका बारीक वळणाचा! त्या स्क्रीनवर ते वळण दोन पिक्सेलांत विरघळत होतं. "ष्ट" की "ष्ठ", "द्ध" की "ध्द" हे बघायला दर वेळी पान दीडपट मोठं करावं लागायचं. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटून दिसेनासा व्हायचा. छापून आल्यावर निसटलेल्या चुका मोजल्या, त्यांतल्या बहुतेक ह्रस्व-दीर्घाच्या होत्या. पुढचा लॅपटॉप घेताना मी पहिल्यांदा पिक्सेल मोजले.

मग सरळ फोर-के का घेऊ नये?

फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, फुल एचडीच्या चौपट पिक्सेल. १५.६ इंचात ते इंचाला २८२ होतात. लॅपटॉप मांडीवर किंवा टेबलावर ठेवून बघताना एवढं बारीक डोळ्याला वेगळं कळतच नाही, पण बॅटरीला कळतं आणि ग्राफिक्सलाही. फोटो-व्हिडिओचं संपादन व्यवसाय म्हणून करत असाल तरच त्याचा विचार करा. इतरांसाठी मधला टप्पा उत्तम: २५६० × १६०० किंवा २८८० × १८००. मराठी मजकुरावर दिवसभर काम करणाऱ्याला मी हाच सुचवते.

रिझोल्यूशन वाढलं की अक्षरं बारीक होतात ना?

स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं ठरावीक टक्क्यांनी मोठी करून दाखवणं, नसेल तर होतात. विंडोजमध्ये ते १२५, १५०, २०० टक्के असं लावता येतं आणि नव्या लॅपटॉपवर बहुधा आधीच लावलेलं असतं. एक गोष्ट मात्र समजून घ्या: २८८० × १८०० स्क्रीन १५० टक्क्यांवर ठेवली की मावणारा मजकूर १९२० × १२०० एवढाच असतो, २०० टक्क्यांवर तर १४४० × ९०० एवढाच. जास्त पिक्सेल दिले म्हणजे जागा वाढली असं होत नाही. वाढतो तो रेखीवपणा. काही जुनी सॉफ्टवेअरं स्केलिंग केल्यावर धूसर दिसतात. तुमचं काम अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर ते आधी त्या स्क्रीनवर चालवून बघा.

टीएन, आयपीएस, व्हीए... यातलं काय घ्यायचं?

हे एलसीडी (मागून दिवा असलेल्या) पॅनेलचे प्रकार. आयपीएस घ्या, किंवा ओलेड (तिच्याबद्दल पुढे). टीएन टाळा.

टीएन ओळखायला सोपं आहे. लॅपटॉपचं झाकण हळूहळू मागे झुकवा. रंग धुऊन निघाल्यासारखे झाले, किंवा खालून बघताना काळ्याचं पांढरं झाल्यासारखं दिसलं, तर ते टीएन. अशा स्क्रीनवर एकाच वेळी वरचा आणि खालचा भागसुद्धा एकसारखा दिसत नाही. आयपीएस हिताचीने १९९६ मध्ये आणलं ते याच दोषावर उपाय म्हणून. त्यात बाजूने बघितलं तरी रंग फारसे ढळत नाहीत. त्याची उणीव म्हणजे काळा रंग. अंधाऱ्या खोलीत काळं दृश्य राखाडी वाटतं आणि कोपऱ्यांतून थोडा प्रकाश झिरपतो. व्हीए लॅपटॉपमध्ये फारसं दिसत नाही. मिनी एलईडी म्हणजे मागच्या प्रकाशाचे शेकडो-हजारो छोटे दिवे विभागवार मंद-तेज करणारी एलसीडी; ॲपलने २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये ती आणली. चित्र सुरेख दिसतं, फक्त काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती कधीकधी पुसटसं वलय दिसतं.

ओलेड घ्यावी का? कोणी म्हणतं घ्याच, कोणी म्हणतं डाग पडतात.

दोघंही खरं सांगतात.

ओलेडमध्ये मागे दिवा नसतो; प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. काळा दाखवायचा तर तो पिक्सेल चक्क विझतो. म्हणून काळा खराखुरा काळा, रंग गडद आणि हलतं चित्र स्वच्छ. एकदा बघितली की आयपीएस फिकी वाटते.

आता दुसरी बाजू. पिक्सेलमधला सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो. टास्कबार, एखाद्या सॉफ्टवेअरची टूलपट्टी अशी जागची न हलणारी चित्रं रोज तासन् तास राहिली तर तिथले पिक्सेल इतरांपेक्षा जास्त झिजतात आणि कालांतराने त्यांचा फिकट ठसा उमटतो. टास्कबार आपोआप लपेल असं ठेवा, गडद थीम वापरा, स्क्रीन लवकर बंद होईल अशी वेळ लावा. ठसा उमटणं बरंच पुढे ढकललं जातं. पण एकच हिशेबाची खिडकी रोज आठ तास उघडी ठेवणाऱ्याला मी आयपीएसच सांगेन.

बॅटरीचं गणितही उलटं चालतं. गडद दृश्याला ओलेड कमी वीज घेते, पांढऱ्या पानाला जास्त. दिवसभर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं लिहिणाऱ्याची बॅटरी ओलेडवर लवकर संपू शकते.

आणि लुकलुक. बऱ्याच ओलेड स्क्रीन ब्राइटनेस कमी करण्यासाठी पिक्सेल सेकंदाला कित्येक वेळा बंद-चालू करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. अनेक लॅपटॉपवर हा वेग सेकंदाला २४० च्या आसपास असतो. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, पण काही जणांचं डोकं दुखतं, डोळे जड होतात. बहुतेकांना काहीच होत नाही. तुम्ही कशात मोडता हे वापरल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ओलेड घेणार असाल तर परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणीच घ्या आणि पहिले काही दिवस संध्याकाळी, कमी ब्राइटनेसवर सलग दोन-दोन तास वाचून बघा. नोटबुकचेकसारख्या परीक्षणाच्या साइटवर लॅपटॉपनुसार लुकलुकीची मोजमापं मिळतात, तीही पाहून ठेवा.

किती निट्स असावेत?

निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला प्रकाश. खोलीत, खिडकीपासून दूर बसून काम असेल तर ३०० निट्स. खिडकीशी किंवा चांगल्या उजेडाच्या ठिकाणी ४००. अंगणात, गच्चीवर, प्रवासात खिडकीच्या जागेवर बसून काम करायचं तर ५०० किंवा जास्त. २५० निट्सची स्क्रीन दिवसा दिवे लावलेल्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर ठेवावी लागते, आणि तरी मळभ आल्यासारखी वाटते.

आकड्याला भुलून एक चूक होते. डोळ्याला उजेड सरळ पटीत जाणवत नाही, त्यामुळे ५०० निट्स २५० च्या दुप्पट भासत नाहीत. पण उन्हात अक्षर लागतं की नाही याच्याशी त्या फरकाचा थेट संबंध असतो. ओलेडच्या बाबतीत कुठला आकडा छापला आहे तेही बघा. "६०० निट्स" हा बरेचदा एचडीआर (उजळ आणि गडद यांतला फरक वाढवून दाखवणाऱ्या) व्हिडिओतल्या छोट्याशा उजळ भागापुरता असतो. नेहमीच्या कामात ती स्क्रीन ४०० च्या आसपास चालते.

"४५ टक्के एनटीएससी" म्हणजे काय?

म्हणजे रंग कमी आहेत. तेवढं समजलं तरी चालेल, पण मला हे जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण मी यात पोळले आहे.

एनटीएससी हे १९५३ चं अमेरिकी रंगीत टीव्हीचं मोजमाप. आजच्या वेबवरचे रंग एसआरजीबी या व्याप्तीत बसवलेले असतात. ती १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून मांडली. एनटीएससीचे ७२ टक्के म्हणजे ढोबळमानाने एसआरजीबीचे १०० टक्के. ४५ टक्के म्हणजे एसआरजीबीचे ६० ते ६५ टक्के. म्हणजे साधा फोटोसुद्धा जसा आहे तसा दाखवायची त्या स्क्रीनची ऐपत नसते.

मी तशाच स्क्रीनवर एका पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं. लाल रंग काही केल्या विटकरी दिसायचा, म्हणून मी तो वाढवत गेले. स्क्रीनवर मनासारखा झाला तेव्हा फाइल पाठवली. छापील प्रूफ हातात आलं तेव्हा तो लाल अंगावर धावून आला, आणि चेहऱ्याच्या गोऱ्या छटा भाजल्यासारख्या झाल्या होत्या. छापखान्याची काही चूक नव्हती. मला जो रंग दिसतच नव्हता, तो मी आंधळेपणाने ओतत होते.

फक्त लिहिणं-वाचणं असेल तर ४५ टक्क्यांवर काम निभतं. फोटो, चित्रं, कपडे किंवा दागिने ऑनलाइन विकणं, मुलांची चित्रकला, यातलं काहीही असेल तर "१०० टक्के एसआरजीबी" हे शब्द तक्त्यात दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. डीसीआय-पीथ्री ही त्याहून सुमारे पावपट मोठी व्याप्ती, व्हिडिओवाल्यांना उपयोगाची. अशा स्क्रीनवर साधी चित्रं कधीकधी भडक दिसतात, तेव्हा सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड आहे का ते बघा. रंगाचं काम पोटापाण्याचं असेल तर डेल्टा-ई (स्क्रीनवरचा रंग खऱ्या रंगापासून किती ढळतो त्याचं माप) हा आकडाही विचारा. तो २ च्या खाली असावा.

१२० किंवा १४४ हर्ट्झ हवं का?

गेम खेळत असाल तर हो. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा, यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० वर ८.३ ने. साध्या कामातही पान सरकवताना अक्षरं कमी पुसट होतात. छान वाटतं, सवय लागते. पण १४४ हर्ट्झची फिकट स्क्रीन आणि ६० हर्ट्झची चांगल्या रंगांची स्क्रीन यांत निवडायचं झालं तर मी डोळे झाकून दुसरी घेईन. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये पहिली हमखास असते. त्यात पिक्सेलचा प्रतिसाद संथ असला तर १४४ हर्ट्झ असूनही हलत्या वस्तूमागे शेपूट दिसते. बॅटरीवर असताना रिफ्रेश रेट ६० वर आणता येतो, आणावा.

चकचकीत की मॅट?

मॅट, जर समोर किंवा पाठीमागे खिडकी असेल तर. चकचकीत स्क्रीनवर रंग खुलतात, पण गडद पान उघडलं की स्वतःचा चेहरा दिसतो. ओलेड बहुतेक चकचकीतच येतात. मॅट थराने पांढऱ्यावर किंचित रवाळपणा येतो. काहींना तो खुपतो, मला नाही.

टचस्क्रीन?

पेनाने चित्रं काढणार, टिपणं लिहिणार किंवा स्क्रीन उलटी फिरवून वापरणार असाल तरच. एरवी वजन वाढतं, चकाकी वाढते आणि बोटांचे ठसे पुसत बसावं लागतं. चित्रांसाठी घेत असाल तर पेन दाब ओळखतं का आणि ते सोबत मिळतं का हे विचारा.

एचडीआर लिहिलं आहे, ते चांगलंच ना?

नुसत्या शब्दाला अर्थ नाही. व्हेसा ही संस्था डिस्प्ले-एचडीआर नावाची प्रमाणपत्रं २०१७ पासून देते. त्यातल्या ४०० या सर्वांत खालच्या पायरीवर साध्या एलसीडीने खरा एचडीआर दिसत नाही, कारण विभागवार प्रकाश कमी-जास्त करण्याची तिथे अटच नाही. ओलेडसाठी "ट्रू ब्लॅक" अशी वेगळी श्रेणी आहे, ती भरवशाची. बाकी एलसीडीत १००० ची पायरी असेल तर एचडीआरसाठी पैसे मोजा.

निळ्या प्रकाशाचं प्रमाणपत्र असलेली स्क्रीन डोळ्यांना वाचवते का?

डोळे थकतात ते मुख्यतः जवळ टक लावून बघितल्याने आणि पापण्या कमी लवल्याने. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी स्क्रीनसमोर पाच-सात वेळाच लवते, मग डोळे कोरडे पडतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था संगणकासाठी निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याची शिफारस करत नाही. त्यामुळे केवळ त्या प्रमाणपत्रासाठी जास्त पैसे देऊ नका. त्यापेक्षा लुकलुक नसलेली, उजेडाला पुरून उरणारी आणि अक्षर मोठं करूनही पुरेशा ओळी दाखवणारी स्क्रीन घ्या. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघणं फुकट आहे आणि उपयोगी आहे. डोळे सतत दुखत असतील तर नंबर तपासून घ्या.

बजेट ठरलेलं आहे. सगळं मिळणार नाही. मग आधी काय धरायचं?

मी या क्रमाने जाते: आयपीएस, मग ३०० निट्स, मग १६:१०, मग १०० टक्के एसआरजीबी, आणि त्यानंतर जास्तीचं रिझोल्यूशन. हर्ट्झ, टच, एचडीआर सगळ्यांत शेवटी. गेम खेळणाऱ्याने हर्ट्झ तिसऱ्या जागी आणावा; चित्रकाराने रंग पहिल्या. स्क्रीन सुधारण्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली घ्यावा लागला, तर रोजच्या कार्यालयीन कामाला मी तो बिनदिक्कत घेईन. रॅम मात्र कापू नका, विशेषतः ती बोर्डावर कायमची बसवलेली असेल तर.

घरी मोठा मॉनिटर जोडणारच आहे. तरी लॅपटॉपची स्क्रीन महाग घ्यावी का?

गरज नाही. लॅपटॉप नव्वद टक्के वेळ टेबलावरच राहणार असेल तर साधी आयपीएस घेऊन उरलेले पैसे मॉनिटरला लावा. फक्त पोर्ट बघा. एचडीएमआय १.४ वरून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं आणि माउस अडखळल्यासारखा वाटतो, २.० वरून ६० वेळा जातं. यूएसबी-सी पोर्ट असेल तर त्यातून डिस्प्ले जातो का हे तक्त्यात वाचा, कारण प्रत्येक यूएसबी-सीतून तो जात नाही.

प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय तपासू?

तिथे मांडलेल्या लॅपटॉपवर फुलं, मासे, डोंगर असा भडक रंगांचा व्हिडिओ चालू असतो. त्यावर कुठलीही स्क्रीन छानच दिसते. तो बंद करायला सांगा.

माझ्या पेनड्राइव्हमध्ये चार फाइली कायम असतात: एक पूर्ण पांढरं पान, एक पूर्ण काळं, दहा पॉइंटमध्ये लिहिलेलं मराठीचं एक गच्च पान, आणि दिवसाउजेडी काढलेला घरातल्या माणसांचा एक फोटो. पांढऱ्या पानावर पिवळट किंवा निळसर झाक आहे का, कोपरे मळकट आहेत का ते दिसतं. काळ्यावर कडांतून झिरपणारा प्रकाश दिसतो. मराठी पान मी टेबलावर नेहमीच्या अंतरावर बसून वाचते, वाकून नाही. आणि फोटोत त्वचेचा रंग. आकाश निळं आहे की आणखी निळं हे डोळा चटकन माफ करतो. ओळखीचा चेहरा आजारी दिसला तर लगेच खटकतं.

मग चार्जर काढायला सांगा. बॅटरीवर येताच काही लॅपटॉप ब्राइटनेस पाडतात. तो पुन्हा पूर्ण वाढवून बघा, झाकण मागे-पुढे करा, एकदा बाजूला उभं राहून बघा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण रंग एकेक करून पडद्यावर आणा आणि एखादा ठिपका वेगळा दिसतो का ते शोधा. एक-दोन मृत पिक्सेल असले तरी अनेक कंपन्या वॉरंटीत स्क्रीन बदलून देत नाहीत. पण परत करण्याची मुदत चालू असेल तर लॅपटॉप परत करता येतो. म्हणून हे काम पहिल्याच संध्याकाळी, खोलीतले दिवे घालवून करा. ठिपका हा धूळ आहे की पिक्सेल हे कोरड्या मऊ कापडाने पुसल्यावर कळतं. स्क्रीनवर पाणी किंवा क्लीनर थेट फवारू नका, कडेतून आत उतरतं.

मग एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये पॅनेलचा क्रमांक बघा. एकाच मॉडेलमध्ये कंपनी बीओई, एयूओ, इनोलक्स, एलजी अशा वेगवेगळ्यांची पॅनेलं वापरते. क्रमांक शोधला की त्याचे निट्स आणि रंगव्याप्ती बहुधा सापडते आणि तक्त्यात कबूल केलेल्या आकड्यांशी ताडून घेता येते. कमी निघाले तर तक्त्याचं छायाचित्र आणि पॅनेलचा क्रमांक, दोन्ही जोडून तक्रार करा.

पान गडद-फिकट होताना ब्राइटनेस आपोआप वर-खाली होत असेल तर तो दोष समजू नका. वीज वाचवण्यासाठीची ती सोय असते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बंद करता येते. मी ती पहिल्या पाच मिनिटांत बंद करते.